वाटीएवढी जागा

डासांविषयी एक गोष्ट आधीच सांगून टाकायला हवी, नाहीतर पुढचा सगळा दोष त्यांच्या माथी जाईल. डास बिचारे नंतर आले. आधी झाकण गेलं.

दोन भावांच्या दोन घरांना मिळून पाण्याची एक टाकी होती. घरं म्हणायला दोन; खरं तर एकाच घराचे दोन सारखे तुकडे. पुढे मुलांनी इंचावरून भांडू नये म्हणून वडिलांनी बांधतानाच दाराला दार, खिडकीला खिडकी, ओट्याला ओटा असं सगळं एका मापाचं करून ठेवलं होतं. मधे एक अरुंद बोळ, आणि बोळावर गच्चीला गच्ची जोडून तिथे ती टाकी. मुलांनी वडिलांचा मान राखला. ती इंचावरून कधीच भांडली नाहीत. ती झाकणावरून भांडली.

एका वादळात टाकीचं झाकण उडून गेलं. थोरल्या भावाचं म्हणणं, झाकणाची कडी धाकट्याने उघडी ठेवली. धाकट्याचं म्हणणं, शेवटचं वर कोण चढलं होतं ते सगळ्या गल्लीने पाहिलंय. आता जो नवं झाकण आणील, त्याने कडी आपणच उघडी ठेवली असं कबूल केल्यासारखं होणार. तेव्हा कोणीच आणलं नाही. दोघेही नोकरीतून मोकळे झालेले, दोघांनाही निवृत्तिवेतन होतं, झाकण दोघांनाही परवडत होतं. माघार परवडत नव्हती.

थोरलीने, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोने, एकदा यावर आपल्या परीने उपाय केला होता. दुपारी दोन्ही पुरुष झोपलेले पाहून ती वर गेली आणि घरातली जुनी परात टाकीवर पालथी घालून आली. संध्याकाळी थोरल्यांना ती दिसली. "आला शेवटी शुद्धीवर," ते व्हरांड्यातून म्हणाले, जरा ऐकू जाईल असं. नेमके त्याच वेळी पलीकडच्या व्हरांड्यात धाकटे आपल्या बायकोला सांगत होते, "बघ, चढला की नाही मुकाट्याने." दोन्ही वाक्यं कुंपणावर एकमेकांना भेटली. मग तिरीमिरीत आधी वर कोण गेलं ते कोणालाच सांगता येत नाही, पण परात खाली आली ती जिन्याने आली नाही. थोरली अजून तिच्यातच पीठ मळते. एका बाजूने पोचा आलाय, त्यामुळे मळताना परात तिच्याआधी थकते.

या दोघी जावांचं भांडण नव्हतं. नवऱ्यांनी भांडायचं आणि बायकांनी ते भांडण झाडूनपुसून नीट ठेवायचं, अशी कामाची विभागणी झाली होती. पुढच्या दाराने जाण्यायेण्याची सोय उरली नव्हती, कारण दोघे भाऊ दिवसभर आपापल्या व्हरांड्यात बसून असत, एकमेकांकडे पाठ करून. खुर्च्या तशा मुद्दाम वळवून घेतल्या होत्या. पण स्वयंपाकघरांच्या खिडक्या बोळावर समोरासमोर होत्या. कंबरेतून वाकून हात लांब केला तर पलीकडच्या चौकटीला बोटं टेकत.

धाकट्यांचा रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी मीठ कमी करा असं सांगितलं होतं. धाकट्यांनी कमी हा शब्द गाळला. मिठाची बरणी घरातून गेली, आणि धाकटी, जिचा रक्तदाब कोणी कधी मोजलाच नव्हता, तीही नवऱ्याबरोबर अळणी जेवू लागली. एकदा तिने डाळीच्या डब्यात मिठाची पुडी लपवली होती. ती सापडली. ते ओरडले नाहीत. तीन दिवस बोललेच नाहीत. त्या घरात एरवीही बोलायचं काम रेडिओकडे होतं, पण त्या दिवसांत त्यांनी रेडिओही लावला नाही.

तेव्हापासून रोज दुपारी थोरलीच्या खिडकीतून एक वाटी निघे. भाजी असेल ती, आमटी असेल ती, मिठाची. धाकटी तिथेच ओट्याशी उभ्याउभ्या खाई. वाटी दुसऱ्या दिवशी परत येई ती सोललेल्या लसणाने किंवा निवडलेल्या मटारने भरून, कारण थोरलीच्या बोटांचे सांधे धरले होते आणि लसूण सोलायचा म्हटलं की तिला रडू येई. लसणामुळे नव्हे. कधी वाटी थोरलीची जाई, कधी धाकटीचीच भरून परत जाई. कुठली कुठे आहे याचा हिशेब कोणी ठेवला नाही. चोरी नव्हती ती. फक्त कोणाला सांगितली नव्हती.

असो. तर डास.

एका संध्याकाळी थोरले वर्तमानपत्र वाचत बसले असताना एक डास त्यांच्या गालावर बसला आणि त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. डास उडून गेला. आवाज मात्र चांगला खणखणीत झाला, आणि पलीकडच्या व्हरांड्यातून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. तो खोकला होता की हसणं, यावर थोरल्यांनी रात्री जेवेपर्यंत विचार केला. मग म्हणाले, "सगळ्या खिडक्यांना जाळ्या बसवायच्या."

"टाकीला झाकण आणलं तर," थोरली हळूच म्हणाली.

"मी जाळ्यांविषयी बोलतोय."

थोरल्यांची सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली होती. दुसऱ्यांच्या जमिनी मोजून मोजून त्यांना स्वतःच्या घरात मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं, ते आता मिळालं. प्रत्येक खिडकी त्यांनी तीनदा मोजली आणि तिन्ही मापं सारखी आल्यावर आपलं कुठेतरी चुकतंय असं वाटून चौथ्यांदा मोजली. थोरली स्टूल धरून उभी. स्टूल हलतं, असं ते दर खिडकीला म्हणत. स्टूल ते उभे असल्यामुळे हलत होतं, पण हे सांगण्यात काही अर्थ नव्हता.

मग जाळीवाला नमुने घेऊन आला. नायलॉनची, फायबरची, स्टीलची. थोरल्यांनी प्रत्येक तुकडा उजेडाला धरून भिंगाने भोकं मोजली. तोवर कोपऱ्यावरचे निवृत्त कंपाउंडर हवा खायला आले होते, ते सल्ला द्यायला बसले.

"नायलॉन उंदीर कुरतडतात," कंपाउंडर म्हणाले. "फायबर उन्हाने कुजतं. स्टील गंजतं."

"मग लावायची कुठली?" थोरल्यांनी विचारलं.

"माझं ऐकाल तर लावूच नका. मी लावली नाही."

"तुमच्याकडे डास नाहीत?"

"आहेत की. म्हणून तर मी तुमच्याकडे येऊन बसतो." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पण लावायचीच असेल तर पक्की लावा. स्क्रू मारून. ती सरकती, उघडती, चिकटपट्टीची, असले चाळे नकोत. फट दिसली की डास तिथे टपून बसतो. मी दवाखान्यात आयुष्य काढलंय, मला डासाचा स्वभाव कळतो."

थोरली चहाचे कप उचलत होती. "स्वयंपाकघरातली उघडती असावी," ती म्हणाली. "फोडणीचं तेल बसतं. धुवायला काढायला नको का?"

"आतून पुसता येते," थोरले म्हणाले.

"बाहेरच्या बाजूनेही बसतं."

"तेल बाहेरून कसं येईल?" थोरल्यांनी कंपाउंडरांकडे पाहिलं. कंपाउंडरांनी समजूतदारपणे मान हलवली. असं दोन शहाणी माणसं एकमेकांकडे पाहू लागली की थोरली कप घेऊन आत जात असे. तशी ती गेली.

ठरलं ते असं: फायबरची, करडी, पक्की. बाकीच्या खिडक्यांचं कोणाला काही नव्हतं. अडलं नेमकं स्वयंपाकघराशी. वसाहतीचे चिटणीस एका मोटार नसलेल्या मोटारखान्यात टेबल टाकून बसत. ते म्हणाले, "सामाईक बोळावर उघडणाऱ्या खिडकीला काहीही बसवायचं तर शेजाऱ्याची हरकत नसल्याची सही लागते."

"तो माझा सख्खा भाऊ आहे," थोरले म्हणाले.

"मग तर सोपंच की."

थोरल्यांनी मोटारखान्याचं छत बघून घेतलं. "भाऊ असला तरी सही लागते?"

"भाऊ असल्याचा पुरावा मी मागत नाहीये," चिटणीस म्हणाले. "सही तेवढी आणा."

घरी येऊन थोरल्यांनी जाहीर केलं की त्याच्या दारात ते मेले तरी जाणार नाहीत. थोरली मनातून हलकी झाली. बाकी घराला जाळ्या बसतील, स्वयंपाकघरात डास येतील, आणि स्वयंपाकघरात उभं कोण असतं तर ती. चालण्यासारखं होतं. देवाकडे ती फारसं कधी मागत नसे, पण त्या संध्याकाळी तिने दोन मिनिटं जास्त हात जोडले.

आभार जरा लवकर मानले गेले. जेवताना थोरले म्हणाले, "सही नको आणि जाळीही नको. खिडकीला पत्राच ठोकून टाकतो. पत्र्याला कोण विचारतंय?"

थोरलीच्या हातातला डाव पातेल्यावरच राहिला. "अंधार होईल हो."

"दिवा लाव."

दुसऱ्या दिवशी दुपारी वाटीबरोबर हरकत नसल्याचा कागदही पलीकडे गेला. भाजी गवारीची होती.

"पत्र्यापेक्षा जाळी बरी," थोरली म्हणाली. "सही तेवढी मिळव. उघडती बसवून घ्यायचं माझ्याकडे लागलं."

"तुमच्याकडे?" धाकटी खाता खाता हसली. "वहिनी, तुम्ही आजवर त्यांना साधं नको तरी म्हणालात का?"

"नाही."

"मग आता कसं म्हणणार?"

"कधी म्हटलं नाही, म्हणजे सगळे 'नको' शिल्लक असतील ना," थोरली म्हणाली.

कागद चिटणिसांकडून आला, असं दोघींनी आपापल्या घरी सांगितलं. सही मिळायला काहीच त्रास पडला नाही. धाकट्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. "मागावी लागली ना सही," ते म्हणाले, आणि इतकी ठसठशीत केली की खालच्या वर्तमानपत्रावर उमटली. त्या रात्री त्यांनी रेडिओबरोबर गुणगुणलंसुद्धा. पण सकाळी उठले ते वेगळाच चेहरा घेऊन. त्यांच्या डोक्यात आलं होतं की तिकडे सगळीकडे जाळ्या बसल्यावर तिकडचे डास जाणार कुठे? इकडेच. भावाने सही घेऊन आपले डास त्यांच्या अंगावर घातले होते.

हे धाकटीने थोरलीला सांगितलं, आणि दोघी हसल्या. इतक्या हसल्या की धाकटीला ठसका लागला आणि व्हरांड्यातून विचारणा झाली. हसायला नको होतं, हे नंतर कळलं.

आठवड्याने जाळीवाला चौकटी घेऊन आला. सरकारी मोजणीच्या शिस्तीने थोरल्यांनी प्रत्येक चौकटीवर पेन्सिलीने खिडकीचं नाव घातलं आणि बाण काढून 'वर' असं लिहिलं. त्यांचं अक्षर फार सुंदर. लग्न ठरताना तेच अक्षर दाखवलं होतं. इतर खिडक्या दुपारपर्यंत झाल्या. मग जाळीवाल्याने 'स्वयंपाकघर' उचललं. पक्की, चारी बाजूंनी स्क्रूची भोकं पाडलेली.

थोरली खिडकीपुढे जाऊन उभी राहिली.

"बाजूला हो," थोरले म्हणाले.

"ही नको."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून आधी कोणाला कळलंच नाही. जाळीवाल्याने तर स्क्रू तोंडात धरलेसुद्धा होते.

"काय नको?"

"ही पक्की नको. मला उघडती हवी."

"अगं, झालंय ना ठरवून."

"तुमचं झालं. इथे मी उभी असते." तिने ओट्याला हात लावला. "बाकी सगळं घर तुमच्या मनासारखं करा. टाकीबद्दल मी कधी बोलले नाही, परात खाली फेकलीत तेव्हाही काही बोलले नाही. ही जाळी बसली तर मी या खोलीत स्वयंपाक करणार नाही."

थोरल्यांचा चेहरा असा झाला, जणू आखून दिलेली हद्द रात्रीत सरकलेली दिसावी. बायकोचं ऐकावं तर जाळीवाल्यासमोर कमीपणा. न ऐकावं तर जेवण. त्यांनी चौकटीचं माप पुन्हा एकदा घेतलं. मग जाळीवाल्याला म्हणाले, "उघडतीच मजबूत असते, नाही का?"

"तुम्ही म्हणाल तशी," जाळीवाला तोंडातले स्क्रू काढत म्हणाला. "पण साहेब, या तयार चौकटीचं मी काय करू? या मापाची दुसरी खिडकी मी आणू कुठून?"

थोरली त्या दिवशी उदार झाली होती. माणूस जिंकल्यावर होतो तसं. "अहो, कुणाला तरी लागेलच ती," ती म्हणाली. "वाया जायची नाही. देव बघतो."

आणि देवाने बघितलं.

उघडती जाळी चार दिवसांनी बसली. छान होती. वर बिजागऱ्या, खाली छोटी कडी, ढकलली की वाटी जाईल एवढी आरामात उघडे. थोरल्यांनी ती एकदा उघडून, एकदा लावून पाहिली, 'फट आहे' असं म्हणाले आणि व्हरांड्यात निघून गेले. थोरलीने त्या दिवशी भरली वांगी केली होती. वाटी भरली, कडी काढली, जाळी ढकलली.

बोळात जाळीवाला स्टुलावर उभा होता. तिच्याकडे पाठ. समोरच्या खिडकीला तो एक करडी चौकट लावत होता, आणि आतून ती चौकट धाकट्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरली होती. त्यांच्या मागे धाकटी उभी होती.

"बसतेय की," जाळीवाला म्हणत होता. "बघा साहेब, सूतभर इकडे नाही की तिकडे नाही. जशी काही तुमच्यासाठीच केली होती. आणि अर्ध्या किमतीत."

"अहो, उघडती बघितली असती," धाकटी मागून म्हणाली. "धुवायला बरी पडते."

"तयार मिळतेय, मापात बसतेय," धाकटे म्हणाले. "आणि त्यांना मी सही दिलीय, आता मला सही कोण मागतंय? त्यांच्याकडे उघडती आहे ना? मग आपल्याकडे पक्की. डास काय ते त्यांच्याकडेच जाऊ देत."

सासऱ्यांनी दोन्ही खिडक्या एका मापाच्या केल्या होत्या. इंचाचाही फरक नव्हता.

चौकटीच्या वरच्या पट्टीवर सुंदर अक्षरात 'स्वयंपाकघर' लिहिलेलं होतं, शेजारी बाण आणि 'वर'. धाकट्यांचं लक्ष तिकडे गेलं. ते अक्षर त्यांनी लहानपणी पाटीवर गिरवलेलं होतं. थोरल्यानेच शिकवलं होतं त्यांना लिहायला. थोरलीला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि ती अक्षरं पुसून टाकली. 'वर' तेवढं पुसायचं राहिलं.

"मारा स्क्रू," ते म्हणाले.

जाळीवाला हत्यारं गोळा करून बोळातून निघाला तेव्हा खिडकीत थोरली वाटी धरून तशीच उभी होती. जाता जाता तो आपुलकीने म्हणाला, "बाई, एक सांगू? तुमच्या टाकीला झाकण नाही. डास तिथलेच आहेत. आधी बोललो असतो, पण माझा पडला जाळ्यांचा धंदा."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी आपापल्या खिडकीशी आल्या. मधली जाळी बारीक होती. थोरल्यांनी भोकं भिंगाने मोजून निवडलेली. धाकटीचा चेहरा पलीकडे करडा दिसत होता, धुतलेल्या पाटीवर अक्षर राहतं तसा.

"कोथिंबिरीची काडीसुद्धा यायची नाही यातून," धाकटी म्हणाली. तिच्या हातात वाटी होती, सोललेल्या लसणाची. "मी आपली सवयीने सोलून बसले."

"मागच्या दाराने..."

"त्यांनी खुर्ची आता बोळाच्या तोंडाशी आणलीय, वहिनी. सावली असते म्हणतात."

थोरली मागे वळली आणि बरणीतून चिमूटभर मीठ घेऊन आली. जाळी उघडून ती कंबरेतून वाकली. ओट्याची कड पोटात रुतली. हात लांब करून तिने चिमूट पलीकडच्या जाळीवर धरली आणि दुखऱ्या बोटाने हळूहळू आत घासली. धाकटीने लसूण बाजूला ठेवून आपली अळणी भाजी खाली धरली. मीठ जात होतं. अर्धं आत जात होतं, अर्धं बोळात गळत होतं.

"आलं का गं?"

धाकटीने बोटाने भाजी ढवळली, घास तोंडात घातला. "आलं."

"लागलं का?"

"लागलं, वहिनी."

थोरलीने तिचा चेहरा पाहिला आणि पुन्हा विचारलं नाही. जाळी ओढून घेऊन कडी लावली.

रात्री थोरले खुशीत जेवायला बसले. घरात एकही डास नव्हता, हे त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. मग आमटीची वाटी उचलता उचलता थबकले. मोजणी खात्यातला माणूस. त्यांनी ती फिरवून पाहिली, काठ पाहिला, बुडाखालची खूण पाहिली.

"ही आपली नाही वाटतं," ते म्हणाले. "आपल्या काठाला रेघ आहे. ही कुठून आली?"

थोरली कडेला बसून लसूण सोलत होती. एक पाकळी झाली होती. दुसरीचं साल नखाखाली अडकलं होतं.

"आपलीच आहे," ती म्हणाली. "वाटणीत आली."